न्यायाचा ध्यास घेतलेले जीवन : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

न्याय, कायदा आणि नीती हे तीन शब्द आपण सहजपणे एकत्र उच्चारतो. परंतु त्यांचे अर्थ एक नाहीत. कायदा लिहिलेला असतो, तो न्यायालयात दाखविता येतो आणि मोडणाऱ्यास शिक्षा करता येते. नीतीचे वास्तव्य माणसाच्या अंतःकरणात असते. तिच्या पाठीशी पोलीस नसतो, असते ती केवळ सदसद्विवेकबुद्धी. न्याय मात्र या दोहोंकडे अपेक्षेने पाहत उभा असतो. कायदा असूनही न्याय मिळत नाही, असे अनेकदा घडते. कधी कायदाच अन्यायाच्या बाजूने उभा राहतो, तर कधी नीती जाणणारी माणसे कायद्याच्या आधाराअभावी हतबल होतात. या तिहींचे परस्परांशी नाते काय असावे, हा प्रश्न ज्यांनी ग्रंथांत अभ्यासला, न्यायालयात लढविला, राज्यघटनेत गुंफला आणि अखेरीस धर्मचिंतनातून ज्याचे उत्तर शोधले, असे महापुरुष म्हणजे भारतरत्न डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत.

बाबासाहेबांच्या कार्याचा व्याप साऱ्या देशाला कवेत घेणारा असला, तरी त्यातील एक निर्णायक प्रकरण आपल्याच जिल्ह्यात घडले, याचे स्मरण ठेवणे उचित ठरेल. तळा येथून इंदापूर, माणगावमार्गे महाडला जाणारा रस्ता आपल्या परिचयाचा आहे. त्या महाडमधील चवदार तळ्याच्या पाण्यावरून सुरू झालेला एक दिवाणी दावा तब्बल नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. न्यायाच्या कल्पनेचा इतका सखोल कस लागलेली प्रकरणे आपल्या देशाच्या इतिहासात थोडीच सापडतील.

बालपण आणि विद्याभ्यास

आंबेडकर घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे लष्करात शिक्षक होते. त्यांचे चौदावे अपत्य म्हणून १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. सुभेदार सेवानिवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीस व पुढे साताऱ्यास राहिले. तेथेच मातुःश्री भीमाबाईंचे निधन झाले. वडील कबीरपंथी, शिस्तप्रिय आणि विद्येचे भोक्ते होते. वाचनाची गोडी व आचरणाची शुचिता हे दोन्ही संस्कार भीमरावांना घरातच लाभले.

साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे; शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. सुट्टीत वडिलांना भेटण्यासाठी भावंडांसह मसूर स्थानकावर उतरले असताना, ही मुले अस्पृश्य आहेत हे कळताच कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर, एकाने ते मान्य केले. रात्रभरच्या त्या प्रवासात जवळ शिदोरी असूनही पाण्याच्या अभावी मुलांना उपाशी राहावे लागले. या घटनेत कोणताही लिखित कायदा मोडला गेला नव्हता, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. पाणी नाकारणारा प्रत्येक जण रूढीनुसारच वागत होता आणि आपण काही अनुचित करीत आहोत, असे त्यांपैकी एकालाही वाटत नव्हते. अन्याय समाजाच्या अंगवळणी पडला की तो अन्याय म्हणून ओळखूही येत नाही, हा धडा त्या वयात त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते १९०७ मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झाले. त्या प्रसंगी गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. त्या ग्रंथाचे बीज पुढे जवळजवळ अर्धशतकाने फळास आले. १९१२ मध्ये बी. ए. झाल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील अध्ययनानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव नोंदविले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परंतु उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्यास त्या शहरात राहण्यास जागा मिळेना आणि कचेरीतील शिपाई स्पर्श टाळण्यासाठी त्यांच्या मेजावर कागद दुरून टाकीत. विद्येने मान मिळतो, हा सर्वसाधारण अनुभव. तो त्यांच्या वाट्याला आला नाही. पुढे पुन्हा लंडनला जाऊन त्यांनी अपूर्ण राहिलेला अभ्यास जिद्दीने पुरा केला आणि अर्थशास्त्रातील डी. एस्‌सी. ही पदवी व बॅरिस्टरची सनद संपादन केली. १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला.

ठराव झाला, पाणी मिळाले नाही

त्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला एक ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली अथवा सांभाळली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गास करू द्यावा, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदोपत्री प्रश्न संपला होता. प्रत्यक्षात मात्र तळ्याच्या पायऱ्या उतरण्याचे धाडस कोणी करू शकला नाही, कारण ठराव नगरपालिकेच्या दप्तरात होता आणि रूढी लोकांच्या मनात होती. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

हक्क दिला गेला म्हणजे तो मिळाला असे नव्हे. तो बजावल्याखेरीज सिद्ध होत नाही, हे बाबासाहेबांनी जाणले. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषद भरविण्यात रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांप्रमाणेच अनंत विनायक चित्रे आणि नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा पुढाकार होता. चित्रे व टिपणीस हे स्वतः स्पृश्य समाजातील होते. आपल्याच ज्ञातिबांधवांचा रोष पत्करून ते या कार्यात उतरले, कारण त्यांच्या विवेकबुद्धीला ती रूढी पटत नव्हती. कायद्याने त्यांच्यावर तसे करण्याची सक्ती केलेली नव्हती. नीती म्हणजे काय, याचे हे जवळचे आणि बोलके उदाहरण होय. परिषदेला जमलेल्या हजारो लोकांसाठी पाणी विकत घ्यावे लागले आणि तेही गावात भरलेले तळे असताना!

२० मार्च रोजी परिषदेतील लोक शांतपणे रांगेने चवदार तळ्याकडे गेले. बाबासाहेबांनी तळ्यातील ओंजळभर पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागून इतरांनी. लोक परतल्यानंतर गावात अफवा उठली, की ही मंडळी आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत. काठ्या घेऊन आलेल्या जमावाने जेवणास बसलेल्या, परतीच्या वाटेवर असलेल्या निःशस्त्र लोकांवर हल्ला केला. अनेक जण जखमी झाले. बाबासाहेबांचे अनुयायी संख्येने कमी नव्हते आणि त्यांत लष्करात नोकरी केलेलेही अनेक होते; एका इशाऱ्याने रक्तपात झाला असता. परंतु त्यांनी सर्वांना शांत राहण्याची आज्ञा दिली आणि हल्लेखोरांविरुद्ध रीतसर फिर्याद केली. पुढे दोषी ठरलेल्यांना न्यायालयाने कारावासाची शिक्षा दिली. अहिंसेच्या तत्त्वाची थोरवी जाणणाऱ्या जैन समाजाला या संयमाचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. सूड घेण्याची शक्ती असताना सूड न घेता न्याय मागणे, हा त्या दिवसाचा खरा विजय होता.

न्यायालयाच्या दारात

त्यानंतर तळे बाटले म्हणून पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठरावही मागे घेतला. तेव्हा त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून महाड येथे सत्याग्रह परिषद भरविण्याचे ठरले. परिषदेसाठी जागा मिळेना. अखेर एका मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. सत्याग्रहाची तयारी चालू असतानाच महाडमधील काही सवर्ण नागरिकांनी १२ डिसेंबर रोजी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे खासगी आहे आणि अनादि कालापासूनच्या वहिवाटीने अस्पृश्यांना तेथे मज्जाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच दिवसांनी न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम काढला. नीती सत्याग्रहींच्या बाजूने असली तरी कायद्याचा हात त्या घटकेला विरुद्ध बाजूस होता.

परिषदेच्या पहिल्याच दिवशी, २५ डिसेंबर रोजी, मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. या कृतीने तेव्हा अनेकांची मने दुखावली आणि तिच्याविषयी आजही भिन्न मते आढळतात. तथापि तिच्यामागील विचार समजून घेणे आवश्यक आहे. एकाच अपराधाला जन्मानुसार वेगवेगळा दंड सांगणारे विधान हे नियम ठरू शकेल, न्याय ठरणार नाही, हे त्या कृतीतून सांगावयाचे होते. दहन झाले ते एका व्यवस्थेचे प्रतीक म्हणून. कोणा व्यक्तीविषयीचा द्वेष त्यामागे नव्हता.

यानंतरचा प्रसंग बाबासाहेबांच्या थोरवीची खरी साक्ष देणारा आहे. हजारो लोक तळ्यावर जाण्याच्या निर्धाराने जमले होते. मनाईहुकूम मोडून तुरुंगात जाण्याची त्यांची सिद्धता होती. जिल्हाधिकाऱ्यांनी न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत थांबण्याची विनंती केली. बाबासाहेबांनी साधकबाधक विचार करून सत्याग्रह स्थगित करण्याचा सल्ला दिला. आपला झगडा सामाजिक अन्यायाशी आहे. ज्या न्यायसंस्थेकडे आपण दाद मागणार, तिचाच हुकूम मोडून आपण तिला दुर्बळ करू नये, अशी त्यांची भूमिका होती. अनुयायांची निराशा त्यांना दिसत होती. तरीही २७ डिसेंबर रोजी लोकांनी तळ्याभोवती शांततेने मिरवणूक काढली आणि पाण्याला स्पर्श न करता ते माघारी गेले. मार्च महिन्यात ज्या पाण्यासाठी मार खाल्ला, त्याच पाण्यापासून डिसेंबरमध्ये केवळ एका न्यायालयाच्या शब्दाखातर दूर राहणे, यासाठी लागणारे धैर्य सामान्य नव्हे.

मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दावा मात्र चालूच राहिला. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये तो फेटाळला. वादींनी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपील केले; तेही १९३३ मध्ये नामंजूर झाले. शेवटी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी वादींच्या विरुद्ध निर्णय दिला. तळे खासगी नसून नगरपालिकेचे आहे आणि वादी म्हणतात तशी अनादि कालापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही, असा त्याचा गाभा होता.

हा विजय मोठा होता. तरीही निकालाचा बारकाईने विचार करता एक गोष्ट लक्षात येते. न्यायालयाने वहिवाट किती जुनी आहे, हे तपासले. ती वहिवाट मुळात न्याय्य आहे काय, माणसाने माणसाला पाणी नाकारणे हे सार्वजनिक हिताला धरून आहे काय, हा प्रश्न मात्र निर्णयासाठी पुढे आलाच नाही. वादींनी वहिवाट सिद्ध केली असती, तर तो विचार कदाचित करावा लागला असता, एवढे सूचित करून न्यायालय थांबले. याचा अर्थ असा, की पुराव्याचे कागद आणखी थोडे भक्कम असते, तर निकाल कोणत्या बाजूला झुकला असता हे सांगता येत नव्हते. न्यायमूर्तींनी आपल्या मर्यादेत राहून कायद्याचे काम चोख केले होते. न्यायाचा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला, कारण त्याचे उत्तर देणारा कायदाच तोवर अस्तित्वात नव्हता.

कायदेशीर, पण न्याय्य नव्हे

अशाच स्वरूपाचा दुसरा प्रश्न कोकणातील शेतकऱ्यांचा होता. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोती पद्धत प्रचलित होती. खोत हा सरकार व कूळ यांच्यामधील वसुलीचा मध्यस्थ. त्याच्याकडे सनदा होत्या, दप्तरे होती, न्यायालयात टिकतील असे हक्क होते. जमीन कसणाऱ्या कुळाकडे मात्र कष्टाखेरीज काहीच नव्हते. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनी संप केला आणि जमिनी पडीक ठेवून उपासमार सोसली. बाबासाहेबांनी या लढ्यास पाठबळ दिले. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते या नात्याने १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला.

त्या विधेयकात खोतांना वाजवी नुकसानभरपाई देण्याची तरतूद होती, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. ज्याच्या हातून अन्याय घडला, त्याच्यावरही अन्याय होऊ नये, ही दक्षता त्यांनी घेतली. एकाचे हिरावून दुसऱ्याला देणे म्हणजे न्याय, अशी त्यांची समजूत नव्हती. ते विधेयक तेव्हा संमत होऊ शकले नाही. खोती संपुष्टात आणणारा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये झाला. सात-बाराच्या उताऱ्यावर आज नाव असलेल्या कोकणातील अनेक शेतकरी कुटुंबांमागे हा इतिहास उभा आहे.

घटनेचे शिल्पकार

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीने मसुदा समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. प्रकृती साथ देत नसताना त्यांनी हे प्रचंड कार्य तडीस नेले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या घटनेच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांच्याही आधी न्यायाचा उल्लेख आहे आणि तो न्याय सामाजिक, आर्थिक व राजकीय असा तिहेरी आहे.

महाडच्या दाव्यात अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर या घटनेने दिले. तिच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशा सार्वजनिक ठिकाणांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही मज्जाव करण्यास बंदी केली. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तेराव्या अनुच्छेदाने तर रूढी व परिपाठ यांनाही कायद्याच्या व्याख्येत घेतले आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असलेल्या अशा गोष्टी शून्यवत ठरविल्या. वहिवाट शंभर वर्षांची असो की हजार वर्षांची, ती किती जुनी आहे हे विचारण्याचे प्रयोजनच यानंतर उरले नाही. ती माणसाच्या प्रतिष्ठेशी सुसंगत आहे काय, एवढेच विचारावयाचे. महाडच्या तळ्याचे पाणी असे घटनेच्या पानांपर्यंत पोहोचले.

एवढे करूनही बाबासाहेब कायद्याच्या सामर्थ्याविषयी भाबडे आशावादी नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सादर करताना त्यांनी घटनात्मक नीतिमत्तेचे महत्त्व विशद केले. ही नीतिमत्ता माणसात उपजत नसते, ती प्रयत्नपूर्वक जोपासावी लागते, असा त्यांचा अभिप्राय होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात तर त्यांनी गंभीर इशारा दिला. घटना कितीही चांगली असली, तरी ती राबविणारी माणसे चांगली नसतील, तर ती निष्फळ ठरेल. आणि राजकारणात समता पण समाजात व अर्थकारणात विषमता, ही विसंगती फार काळ चालू राहिली, तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, असे त्यांनी बजावले. बंधुभाव नसेल तर स्वातंत्र्य आणि समता टिकविण्यास पोलीस शिपाईच लागेल, हे त्यांच्या विवेचनाचे सार होते.

कौटुंबिक कायदा आणि जैन समाज

देशाचे पहिले कायदामंत्री म्हणून हिंदू संहिता विधेयक हे त्यांच्या जिव्हाळ्याचे कार्य होते. विवाह, वारसा, दत्तक आणि पोटगी यांबाबत स्त्रीला न्याय्य स्थान देणाऱ्या या विधेयकाची व्याप्ती हिंदूंबरोबरच जैन, बौद्ध व शीख समाजांपर्यंत होती. संसदेत विधेयक रखडले. त्या व अन्य कारणांनी उद्विग्न होऊन २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सत्तेचे पद सोडणे हे अनेकांना अवघड जाते. तत्त्व सोडणे त्यांना त्याहून अवघड होते. पुढे १९५५ व १९५६ मध्ये हे विधेयक चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने संमत झाले आणि २००५ च्या दुरुस्तीने कन्येला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत पुत्राइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. जैन कुटुंबांतील विवाह व वारसा आज याच कायद्यांखाली येतात. हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी माहेरी बोलाविलेल्या बहिणीला मनापासून विचारले जाते काय, हे मात्र कोणत्याही अधिनियमात लिहिता येत नाही.

कायदा आणि अंतःकरण यांतील हे अंतर जैन समाजाने आणखी एका प्रसंगी अनुभवले. मुंबई राज्याच्या १९४७ च्या मंदिर प्रवेश कायद्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना हिंदू मंदिरे खुली केली. हा कायदा जैन मंदिरांना लागू आहे काय, असा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातील एका मंदिरावरून उपस्थित झाला. १९५१ मध्ये उच्च न्यायालयाने त्या कायद्याच्या शब्दांत जैन मंदिरे येत नाहीत, असा निर्णय दिला. पुढे १९५६ च्या नव्या कायद्यात जैनांच्या प्रार्थनास्थळांचाही समावेश करण्यात आला. एक कायदा लागू नव्हता, दुसरा लागू झाला. परंतु भगवान महावीरांच्या समवसरणात सर्व जीवांना स्थान होते, ही श्रद्धा या दोन्ही कायद्यांच्या कितीतरी आधीची आहे. आपल्या धर्माची शिकवण काय सांगते, हा प्रश्न कायदा लागू आहे की नाही यावर अवलंबून राहू नये, हाच या प्रसंगाचा बोध म्हणता येईल.

धम्माकडे

कायद्याची सर्वोच्च शिखरे पादाक्रांत केल्यानंतर बाबासाहेब आयुष्याच्या अखेरीस धर्माकडे वळले, याचे कित्येकांना नवल वाटते. वस्तुतः त्यात विसंगती नाही. कायदा माणसाचा हात रोखू शकतो, मन बदलू शकत नाही. मन बदलण्याचे कार्य नीतीचे आणि नीतीला आधार देणाऱ्या धर्माचे आहे, या निष्कर्षाप्रत ते आले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात नीती हाच धम्माचा गाभा असल्याचे त्यांनी प्रतिपादिले आहे. आपल्या तळा तालुक्यात कुडे येथील डोंगरात कोरलेली प्राचीन बौद्ध लेणी आणि त्यांलगतची पाण्याची टाकी त्याच विचारपरंपरेची साक्ष देत आजही उभी आहेत.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मुंबईत दादरच्या समुद्रकिनारी अथांग जनसागराच्या उपस्थितीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. १९९० मध्ये राष्ट्राने त्यांना मरणोत्तर भारतरत्न अर्पण केले.

चरित्राचा बोध

बाबासाहेबांच्या जीवनाकडे समग्रतेने पाहिले, तर न्यायाची त्यांची कल्पना स्पष्ट होते. कायद्यावाचून नीती दुर्बळाला संरक्षण देऊ शकत नाही. बलवानाच्या मर्जीवर त्याला सोडून देते. म्हणून त्यांनी आयुष्यभर कायद्याची कास धरली. परंतु नीतीवाचून कायदा दप्तरात पडून राहतो, हे १९२४ च्या ठरावाने त्यांना शिकविले होते. म्हणून कायदा घडविताना ते समाजाच्या विवेकबुद्धीलाही सतत हाक देत राहिले.

कोणत्याही सार्वजनिक न्यासाला हा विचार अगदी जवळचा वाटावा. न्यास हा कायद्याने नोंदलेला असतो. हिशेब ठेवणे, ते तपासून घेणे, धर्मादाय आयुक्तांकडे विवरण सादर करणे ही सारी त्याची कायदेशीर कर्तव्ये होत आणि ती काटेकोरपणे पाळलीच पाहिजेत. परंतु दात्याने विश्वासाने दिलेला पैसा योग्य गरजवंतापर्यंत पोहोचला काय, मदत मागावयास आलेल्याचा मान राखला गेला काय, दारातून कोणी विन्मुख गेला नाही ना, हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही. अस्तेय व्रत हे केवळ चोरी न करण्यापुरते नसते. ज्याचे त्याला पोहोचते करणे हेही त्यातच येते. न्यास आणि न्याय यांची गाठ पडते ती येथेच.

चवदार तळ्याच्या पायऱ्या आज सर्वांसाठी खुल्या आहेत. जवळून जाणाऱ्या प्रत्येकाने घटकाभर थांबून त्या ओंजळभर पाण्याचे मोल आठवावे आणि आपल्या गावातील, घरातील, संस्थेतील कोणते तळे अद्याप कोणासाठी बंद राहिले आहे, याचा शोध घ्यावा. न्यायासाठी अखंड झिजलेल्या त्या महामानवाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!